मैत्री करा, पण दार उघडं ठेवून

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका पदवी महाविद्यालयात नुकत्याच गेस्ट लेक्चरर म्हणून लागलेल्या तरुण प्राध्यापकाचा प्रश्न आहे. तो थोडक्यात असा: "बीएस्सी दुसऱ्या वर्षाचा माझा एक विद्यार्थी जांबोटीच्या पुढच्या जंगलपट्ट्यातून येतो. डोकं चांगलं आहे, पण वर्गात तोंड उघडत नाही. आता कॉलेज सोडून गोव्याला कामाला जातो म्हणतो. मी त्याच्याशी दोस्ती केली, कँटीनला चहा पाजतो, तो रात्री दहा-अकराला फोन करतो. ज्येष्ठ सहकारी म्हणतात, पोरांना डोक्यावर बसवू नका. विद्यार्थ्याशी मैत्री करावी का? आणि प्रोत्साहन द्यायचं म्हणजे नेमकं करायचं काय?"

मी बेळगावात ३४ वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. आता निवृत्त आहे, म्हणून जरा मोकळेपणानं लिहितो.

मैत्री करावी. तुमचे सहकारी जे सांगतात ते मलाही नोकरीच्या पहिल्या वर्षी सांगितलं होतं, आणि मी ते दोनेक वर्षं पाळलं. त्यानं वर्ग शांत राहिला. इतका शांत, की फळ्यावर अधिकच्या जागी उणे लिहिलं तरी कुणी हूं की चूं करत नसे. साठच्या साठ पोरं ते उणे वहीत उतरवून घेत.

पण या मैत्रीत तुम्ही दोघं बरोबरीचे नाही, हे तुम्हीच सतत ध्यानात ठेवायचं. इंटर्नलचे मार्क तुमच्या हातात आहेत. तुम्ही "चल, चहाला" म्हणालात तर मित्र म्हणून त्याला "आज नको" म्हणता येईल का? येत असेल तर उत्तम. बहुतेक वेळा येत नाही, तो मुकाट्यानं उठून येतो आणि त्याची दीडची बस चुकते. मी स्वतः एका पोराला असं तीन आठवडे चहा पाजत होतो. त्याला घरी पोचायला अंधार होतो हे चौथ्या आठवड्यात कळलं, तेही दुसऱ्याकडून.

रात्रीचा फोन बंद करा. तोडून टाकू नका, वेळ बदला. "नऊनंतर मी फोन घेत नाही, दुपारी बारा ते एक डिपार्टमेंटला असतो, तेव्हा ये," असं सांगा आणि मग त्या वेळी खरंच तिथं असा. अवघड आहे ते हेच. प्राचार्यांची मीटिंग निघते, कुणी मस्टर घेऊन येतं, आपण उठतो. पोरगं दोनदा येतं, कुलूप बघतं, तिसऱ्यांदा येत नाही. माझ्या दारावर वेळेचा कागद चिकटवलेला असे आणि त्या वेळात दार उघडं असे, आत मुलगा असो की मुलगी. मुलींच्या बाबतीत कायदा काय आहे, तक्रार समिती काय असते, हे तुम्हाला कॉलेजनं सांगितलं असेलच; लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा आणि त्यावरचे यूजीसीचे २०१५चे नियम एकदा वाचून काढा. उघड्या दाराचा फायदा असा, की त्यातून दुसरी पोरंही आत येतात आणि "सरांचा लाडका" ही कुजबुज उभीच राहत नाही. एका अपवादाला मात्र वेळ पाळायची नाही. पोरगं जिवाचं बरंवाईट बोललं तर रात्री दोनलाही फोन घ्या, घरच्यांना कळवा, त्याला एकटं सोडू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मोफत आहे. तो तुमच्या फोनमध्ये आजच भरून ठेवा.

आता त्याच्या गप्प बसण्याबद्दल. हे मला त्याला न बघताही थोडंफार सांगता येईल, कारण मी शेकड्यांनी अशी पोरं बघितली आहेत आणि त्यातला एक मी स्वतः होतो. एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत, त्याचं सगळं मराठीतून झालं. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, एका सुट्टीत भाषा बदलली. कालपर्यंत जो वेग होता तो व्हेलॉसिटी झाला, संवेगाचं मोमेंटम झालं, वक्रीभवनाचं रिफ्रॅक्शन. कॉलेजच्या ऑफिसात गेलं की नोटीस कानडीत. आणि घरी, गाडीत, मनात जी भाषा चालते ती आपली, "काय करूलालास" वाली, जिला पुण्याकडचे पाहुणेसुद्धा हसतात. असं पोरगं वर्गात उत्तर देण्याआधी मनात दोन भाषांतरं करतं. तोवर पहिल्या बाकावरच्या कॉन्व्हेंटच्या मुलीनं उत्तर दिलेलं असतं. वर्षभर असं झालं की त्याची खात्री पटते की आपल्याला भौतिकशास्त्रच येत नाही. त्याला येतं. येतं हे त्याला माहीत नसतं, एवढंच.

तुम्ही एक करून बघा. त्याला व्हरांड्यात गाठून, मराठीत, अगदी बोलीत, कालच्या तासातला एक प्रश्न विचारा. उत्तर आलं तर दुखणं भाषेचं आहे, आणि त्यावर औषध आहे. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायला लावा. डावीकडे त्याचा शब्द, उजवीकडे इंग्रजी. रोज पाच, जास्त नकोत. मी हे प्रत्येक बॅचला पहिला महिनाभर करायला लावत असे.

इथं एक आडवळण घेतो, कारण ही गंमत मला उशिरा कळली. एका वर्षी प्रॅक्टिकलच्या बॅचा पाडताना कारकुनाकडून यादी उलटीसुलटी झाली आणि येळ्ळूरचा मराठी शाळेतला पोरगा बैलहोंगलच्या कानडी शाळेतल्या पोराबरोबर एका टेबलावर आला. दोघांचं इंग्रजी सारखंच लंगडं. पहिले दोन तास दोघं मुके. तिसऱ्या तासाला बघतो तर जोरात वाद. कानडीतही वेग म्हणजे वेगच, संवेग म्हणजे संवेग, वक्रीभवन म्हणजे वक्रीभवन! दोघांना हे शब्द लहानपणापासून येत होते, आणि दोघांनाही वाटत होतं की समोरच्याला ते कळणार नाहीत. पुढच्या वर्षापासून मी यादी मुद्दाम तशी लावू लागलो. १ नोव्हेंबरला कोण कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुकीत होतं आणि कोण सीमाभाग कर्नाटकात गेल्याच्या निषेधाच्या, काळ्या दिवसाच्या फेरीत, हे २ तारखेला माझ्या लॅबमध्ये विचारलं जात नसे. टेबल तेच, जोडीदार तोच.

प्रोत्साहनाबद्दल तुम्ही विचारलंत, त्याचं उत्तर मला एका अंधाऱ्या खोलीत मिळालं.

डार्करूममध्ये ग्रेटिंगचा प्रयोग लावलेला होता. सोडियमचा दिवा, कोन मोजायचा स्पेक्ट्रोमीटर, त्याच्या टेबलावर मधोमध ग्रेटिंग, म्हणजे प्रकाशाचे रंग फोडणारी बारीक रेघांची काच. दुर्बीण डावीकडे फिरवायची, पिवळी रेघ दुर्बिणीतल्या उभ्या तारेवर आणायची, कोन वाचायचा; मग उजवीकडे तसंच. तरंगलांबी ५८९३ अँगस्ट्रॉम आली की प्रयोग संपला. पोरं तीस मिनिटांत उरकत, कारण उत्तर मॅन्युअलमध्ये छापलेलं असे. नंदगडकडची एक मुलगी मात्र अर्धा तास झाला तरी दुर्बिणीला डोळा लावून बसलेली, वहीत एकही आकडा नाही. मी इंग्रजीत विचारलं. "नथिंग सर." तिच्या बॅचच्या बाकीच्या तिघी हळूच हसल्या. मग मी मराठीत विचारलं, "काय झालं गं?"

"सर, माझं काहीतरी चुकलंय. रेघ दोन दिसूलालीत."

मी वाकून बघितलं. तिनं प्रकाश आत येतो ती फट इतकी बारीक केली होती, जितकी मी स्वतः कित्येक वर्षांत केली नव्हती, आणि दुर्बीण पहिल्या ऑर्डरवर न थांबता दुसऱ्यावर, म्हणजे तीच रेघ आणखी फाकून पुन्हा दिसते तिथं, नेली होती. तिथं एकमेकींना खेटून दोन पिवळ्या रेघा, केसाएवढ्या. सोडियमच्या पिवळ्यात मुळात दोन रेघा असतातच, ५८९० आणि ५८९६. मॅन्युअलमधला ५८९३ हा त्यांच्या मधला आकडा. बाकीची पोरं फट रुंद ठेवत, म्हणून दोन्ही मिळून एक जाड रेघ दिसे आणि काम भागे. मीही ते तसंच चालू दिलं होतं.

मी म्हणालो, "दोन दिसतात तर दोन लिही."

"पण बुकात एकच आहे."

"बुक तिथं होतं काय बघायला?"

शाबास वगैरे मी काही म्हणालो नाही, तेव्हा सुचलंही नाही. पण पुढच्या आठवड्यात दुसऱ्या बॅचचा तो स्पेक्ट्रोमीटर मी तिच्याकडून लावून घेतला, आणि ज्यांना दोन रेघा बघायच्या असतील त्यांनी तिच्याकडून फट लावून घ्यायची, असं जाहीर केलं. तिच्यामागं रांग लागली. तिला इंग्रजीत चार वाक्यं बोलावी लागली, कारण रांगेत इंग्रजीवालेही होते. ती वाक्यं व्याकरणात बसत होती की नाही, कुणाच्या लक्षातही आलं नाही. आज ती एका हायस्कूलात विज्ञान शिकवते.

तेव्हापासून मी तोंडी कौतुक कमी केलं आणि काम द्यायला लागलो. कौतुक ऐकलं की पोरगं खाली मान घालून हसतं आणि घरी जातं. काम दिलं की त्याला ते उद्या यावंच लागतं. तुमचा पोरगा वर्गात बोलत नाही ना? त्याला पीयूसीच्या दोन मुलांना आठवड्यातून एकदा गणितं समजावायला सांगा. तुमच्या प्रश्नपत्रिकेतली गणितं मात्र त्याला आधी दाखवू नका, हे वेगळं सांगायला नको. गेल्या वर्षीची द्या, "उत्तरं तपासून दे, मला वेळ नाही" म्हणा. आणि तपासून आणलेलं खरंच वाचा. लाल पेननं सातव्या गणिताशेजारी "इथं एकक राहिलं" एवढं लिहिलंत तरी त्याला कळतं की सरांनी सातव्यापर्यंत वाचलंय.

हे मला कुणी शिकवलं म्हणाल तर धारवाडच्या एका कानडी मास्तरांनी. कर्नाटक विद्यापीठात एमएस्सीला गेलो तेव्हा मला कानडी यथातथा आणि इंग्रजी पुस्तकातलं. पहिल्या महिन्यात परत निघालो होतो, ट्रंकही बांधली होती. सर व्हरांड्यात भेटले. "बा तम्मा, कुंदर," म्हणाले. ये बाळा, बस. मग "ऊट आतेन?" जेवलास का. परत का चाललास हे विचारलंच नाही. हातात आठ पानांचा गठ्ठा दिला, पुढच्या आठवड्यात वर्गाला द्यायची गणितं, त्यांच्याच अक्षरात सोडवलेली. म्हणाले, माझी नजर आता चुकते, तू बघ. पाचव्या पानावर एक वर्गमूळ राहिलं होतं. ते त्यांनी मुद्दाम सोडलं होतं की खरंच राहिलं होतं, हे मी त्यांना शेवटपर्यंत विचारलं नाही. ट्रंक सोडली. सीमेच्या राजकारणात आम्ही दोघं दोन टोकांना होतो, आणि ते दोघांनाही माहीत होतं.

आता माझी चूक सांगतो, कारण तुम्ही त्याच वाटेवर दिसता. हिंडलग्याच्या बाजूचा एक मुलगा पहिल्या सेमिस्टरला वर्गात पहिला आला. मी भर वर्गात म्हणालो, "हा शास्त्रज्ञ होणार, लिहून ठेवा." दुसऱ्या सेमिस्टरला त्याचे दोन विषय गेले. सुगीत महिनाभर घरचं भात कापत होता, हजेरीही कमी पडली. नापास होणं त्यानं सोसलं असतं. पण माझ्यासमोर येणं त्याला जमेना. स्टँडवर मला बघून बसच्या मागं गेला, तो क्षण मी विसरलेलो नाही. तिसऱ्या वर्षाला तो आलाच नाही. १९९८ साली म्युलर आणि ड्वेक या संशोधक बाईंनी शाळकरी मुलांवर प्रयोग करून दाखवलं, की "तू हुशार आहेस" म्हणून गौरवलेली मुलं पुढं सोपी कामं निवडतात आणि एका अपयशानं लवकर खचतात. मेहनतीचं कौतुक झालेली तशी खचत नाहीत. मी ते वाचलं तेव्हा मला त्या बसचा मागचा भाग आठवला. तेव्हा तुमच्या मुलाला आत्ताच जॅम (एमएस्सीची प्रवेशपरीक्षा), आयआयटी, पीएचडी असलं काही सांगू नका. बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे, धारवाड आहे, कोल्हापूर आहे, गोवा आहे. तांत्रिक आणि वैद्यकीय प्रवेशात महाराष्ट्रानं, तो हक्क सांगतो त्या सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी सोय ठेवली आहे. निपाणीची पोरं तर रोज हद्द ओलांडून अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजात जातात. हे सगळं तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर. आत्ता फक्त हे सेमिस्टर.

आणि गोव्याला का जातो म्हणतो, ते विचारलंत का? तुमच्या प्रश्नात त्याबद्दल एक अक्षर नाही, म्हणून विचारतो. माझा अनुभव असा, की "शिकण्यात मन लागत नाही" या वाक्याच्या पोटात दहातल्या सात वेळा पैसा असतो. तिकडं वेर्ण्याच्या कंपनीत भावकीतला कुणीतरी असतो, तो म्हणतो ये, पहिल्या महिन्यापासून पगार. बापाच्या अंगावर सोसायटीचं कर्ज असतं. पोरगं हे कॉलेजात सांगत नाही, कमीपणा वाटतो. मग शिष्यवृत्ती मिळाली का बघा. नसेल तर बहुतेक वेळा कारण फालतू असतं. जात-उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली असते, किंवा दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही, एका ठिकाणी बापाचं नाव आहे, दुसऱ्या ठिकाणी नुसतं आद्याक्षर. आधी नाडकचेरीत, म्हणजे दाखले मिळतात त्या सरकारी कचेरीत, जाऊन नव्या दाखल्याचा आरडी नंबर घ्यायचा, मग राज्य शिष्यवृत्तीच्या एसएसपी पोर्टलवर अर्ज भरायचा. फॉर्म मराठीत नसतो, म्हणून कित्येक मराठी पोरं भरतच नाहीत. ऑफिसातल्या एखाद्या कानडी कारकुनाशी तुमची दोस्ती हवी, ती इथं कामाला येते. माझ्या हिशेबानं दोन तास त्या पोराबरोबर नाडकचेरीच्या बाकावर बसणं हे वीस प्रेरणादायी भाषणांच्या वर आहे.

मोठ्या माणसांच्या चरित्रातही मी हेच शोधतो. बाबासाहेब आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा केळुसकर गुरुजींनी त्यांना बुद्धाचं चरित्र भेट दिलं, हे सगळे सांगतात. पण पुढं शिक्षणाला पैसा कमी पडला तेव्हा तेच केळुसकर त्यांना सयाजीराव गायकवाडांकडे घेऊन गेले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. पुस्तक देणं सोपं होतं, बरोबर जाणं अवघड. आपल्या निपाणीत १९२५च्या एप्रिलात बाबासाहेब परिषदेला आले, तेव्हा ते बॅरिस्टर झालेले होते.

घरी जा. एकदा तरी. रविवारी नको, रविवारी माणसं बाजारहाटाला असतात. आधी मुलाला विचारून जा, न विचारता गेलात तर त्याची पंचाईत होते, घर गळत असतं, बसायला खुर्ची नसते, त्याला ते तुम्हाला दाखवायचं नसतं. गेल्यावर पहिला अर्धा तास शिक्षणाचं नाव काढू नका. पाऊस किती झाला, गव्यांनी किती खाल्लं, रोपलावण उरकली का, हे विचारा. बाप एकदम "सर, तुम्हीच काय ते बघा" म्हणेल, त्याला भुलू नका. ते टाळायचं वाक्य आहे. आईशी बोला. पोराला थांबवायचं की नाही हे आमच्या भागात शेवटी आई ठरवते. आणि घरचं ऐकून तुम्हालाही वाटलं, की याचं जाणंच बरोबर आहे, तर तसं त्याला सांगायची तयारी ठेवा. मी दोनदा सांगितलंय. एकजण बाहेरून पदवी पूर्ण करून आला, दुसरा गोव्यातच राहिला आणि चतुर्थीला गावी आला की भेटून जातो, काजू आणतो. त्याच्याशी माझी मैत्री आता कुठं बरोबरीची झाली आहे. तो मला "सर, तुमचं ते चुकलं होतं" असं तोंडावर म्हणतो.

सहकाऱ्यांचं मनावर घेऊ नका, पण त्यांच्याशी वादही घालू नका. गेस्ट लेक्चररची ऑर्डर दर वर्षी नव्यानं निघते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

राहिलं एक, आणि ते तातडीचं आहे. या सेमिस्टरचा परीक्षेचा फॉर्म त्यानं भरलाय का ते उद्या ऑफिसात जाऊन बघा. जायचं ठरवलेली पोरं फॉर्म भरत नाहीत आणि कुणाला सांगतही नाहीत. मुदत गेली असली तर दंडासहची तारीख असते, ती नोटीस बोर्डावर कानडीत लागलेली असेल. दंडाचे पैसे तुम्ही भरलेत तर उसने म्हणून द्या, तारीख घालून, आणि परत घ्या.